घोंगडी गुंडाळलेला सायलेन्सर

मी तापट आहे हे मला आजवर पुष्कळांनी सांगितलं, आणि ज्यानं ज्यानं सांगितलं त्याच्याशी मी त्यावरूनच भांडलो. एक अक्का तेवढी वेगळी. तिच्याशीही भांडायचो, पण जिंकलो कधीच नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ऐन तिशीत नवरा गेला तेव्हा ती माहेरी आली ती रडत नव्हे, चाळीस मेंढरं हाकत आली. आमचं गाव मंगळवेढ्याच्या अलीकडं. पाऊस झाला तर ज्वारी, नाही तर मेंढरं. अक्कानं आल्या दिवसापासून कळप स्वतः राखला, आणि बाजार म्हटला की ती माझ्या चार पावलं पुढं.

मेंढरं घ्यायची तिची एक रीत होती. सांगोल्याच्या बाजारात एखाद्या कळपापाशी जायची, दोन्ही हात कमरेवर ठेवायची आणि मालकाला विचारायची, "ह्यातलं कंचं घिऊ नगं?" बहुतेक जण म्हणायचे, "आवो, सगळी वाघावानी हायत, डोळं झाकून घ्या की!" अक्का पुढं चालू लागायची. एखादाच खाली बसून एका मेंढीचा पाय उचलायचा आणि म्हणायचा, "ही नगं. हिचं खूर सडाय लागलंय." मग अक्का त्याच्याकडूनच घ्यायची, आणि फारशी घासाघीस न करता घ्यायची. मला हा निव्वळ येडेपणा वाटायचा. भाव पाडायचा सोडून ही बाई मालकाला त्याच्याच मालाची निंदा करायला लावते, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

मला मेंढरांत काडीचा रस नव्हता. मी सोलापुरात दोन वर्षं एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होतो, पुढं ड्रायव्हिंग शिकलो, आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला, की आपली मोटार हवी. सोलापूर ते मंगळवेढा उतारू न्यायचे आणि आणायचे. वर्षभर मी अक्काचं डोकं खाल्लं. शेवटी तिनं कळप विकला. चाळीसच्या चाळीस. दोन चांगल्या मेंढ्या परत घेता येतील एवढेच पैसे तिनं बाजूला काढून पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाली, "ह्ये मातुर माजं. ह्यातनं पुन्यांदा कळप उभा करीन." त्या गाठीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मोटार मी घेतली शुक्रवार पेठेतल्या एका कापडवाल्या आप्पांकडून. अमेरिकन बनावटीची, कापडी टपाची, पितळी भोंग्याची. आप्पा लिंगायत, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी, पण व्यवहार स्वच्छ. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी मला बोटांवर मोजून तीन गोष्टी सांगितल्या होत्या. सायलेन्सर तडकलाय, पितळेचा डाग देऊन सांधलाय, तो फार दिवस जाणार नाही. दोन टायर म्हातारे झालेत. आणि पायाचा ब्रेक उतारावर नीट धरत नाही. "म्हणून भाव कमी लावलोय बघा," ते म्हणाले.

मी घरी येऊन अक्काला सांगितलं, "नव्यावानी हाय."

तिनं मला काही विचारलं नाही. आनंदानं मोटारीभोवती एक फेरी मारली, टपावर हात फिरवला आणि शेजारणीला बोलावून चाकांना हळदकुंकू लावून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

दोन महिन्यांत डाग सुटला. मोटार फाटफाट वाजायला लागली, बायका कानात बोटं घालून बसायला लागल्या. गॅरेजात न्यावी तर अक्काला कळणार. मग मी धनगराच्या पोराला सुचेल तेच केलं. लोकर पेट घेत नाही, नुसती करपते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. घरातल्या एका जुन्या घोंगडीची लांब पट्टी फाडली, घोंगडीला कडक करायला लावतात ती चिंचोक्याची खळ शिजवली, पट्टी तिच्यात बुडवली आणि फुटलेल्या नळीला करकचून गुंडाळली. उन्हात वाळवली. दगडासारखी झाली! मी स्वतःवर इतका खूश झालो की काय सांगू.

तीन दिवस मोटार गप्प चालली. आवाज गेला, पण वास आला. एक म्हातारा उतारू सारखा मागं वळून बघायचा आणि म्हणायचा, "मालक, मेंढरू जळतंय जनू कुटंतरी." मी म्हणायचो, "शेतात काय तरी पेटवलं आसंल." चौथ्या दिवशी सोलापुरात, कोर्टासमोर, भर दुपारी, ती पट्टी फुटली. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. उभ्या टांग्याचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, टांगा कलंडला, आत नशिबानं कुणी नव्हतं. हवालदार पळत आला. त्यानं सायलेन्सर पाहिला, टायर पाहिले, माझं तोंड पाहिलं. शुक्रवारी दुपारी पोलीस कचेरीच्या आवारात सायलेन्सर आणि टायर दुरुस्त करून मोटार दाखवायची, नाही तर परवाना बंद, असा कागद माझ्या हातात पडला. तो बुधवार होता.

परवाना गेला असता तर ती मोटार म्हणजे आमच्या दारातलं लोखंड झालं असतं. कळप तर गेलाच होता. घरी जाऊन तो कागद मी अक्काला वाचून दाखवला. अक्का मात्र एका शब्दानं ओरडली नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "उद्या म्या येते संगं. गॅरेज म्या बघते."

"तुला काय कळतंय मोटारीतलं?"

"मोटारीतलं न्हाय कळत. माणसातलं कळतंय."

गुरुवारी सकाळी आम्ही फाटफाट करत सोलापुरात शिरलो. पहिलं गॅरेज स्टेशनच्या रस्त्यावरचं. पत्र्याची मोठी पाटी, फरशीची जमीन, मालकाच्या अंगात कोट. त्यानं मोटारीकडं लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, "सायलेन्सर नवाच लागेल. मुंबईहून मागवू. चारही टायर बदलावे लागतील." आकडा ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला कळलं, आता ही काय विचारणार. मी हळूच तिचा पदर ओढला, पण उपयोग झाला नाही.

"मालक, ह्यातलं काय करू नगं?"

कोटवाला हसला. "म्हणजे?"

"म्हंजी ह्यातलं कंचं काम इनाकारण हाय, त्ये सांगा."

"अहो बाई, मोटार म्हणजे काय शेळी आहे का? सगळंच करावं लागतं."

अक्का मागं फिरली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कारण तो हसला तेव्हा त्याची पोरंही हसली होती. "लोकांनी हसावं म्हणून आलोय का आपन हितं?" मी बाहेर येऊन कुरकुरलो. "हसू दे की," अक्का म्हणाली, "हसायचं काय पैसं लागत न्हाईत."

दुसरं दुकान विणकरांच्या आळीत, गल्लीच्या तोंडाशी. दोन्हीकडून मागांची खटखट, आणि मधे हा माणूस सायकली दुरुस्त करता करता मोटारींवर आलेला. बोलायला मोठा गोड. तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सगळं करून देतो. सायलेन्सरला पत्रा मारतो, टायरला असं काळं पॉलिश मारतो की साहेबाला नवे वाटतील." आणि भाव कोटवाल्याच्या पावही नाही. माझ्या जिवात जीव आला. स्वस्तही होतं, आणि हा माणूस नळीवर पत्रा ठोकून मोकळा होणार होता. खालचा जुना डाग कुणाच्या दृष्टीला पडला नसता. मी चावी त्याच्या हातात द्यायला निघालो.

"ह्यातलं काय करू नगं?" अक्कानं विचारलं.

"काही सोडू नका बाई! तुम्ही म्हणाल ते सगळं करतो."

अक्कानं माझ्या हातातली चावी काढून घेतली.

गल्लीतच आमची जुंपली. "आगं बये, परवाना उद्या जातोय! स्वस्तात करून देतोय तर तुजं काय जातंय?" मी ओरडलो. मागांची खटखट थांबली, खिडक्यांतून बायका डोकावल्या. "न्हाई करायचं हितं," अक्का म्हणाली. "ज्यो कशालाच न्हाई म्हनत न्हाय, त्येला कायबी दिसत न्हाय, न्हाय तर त्यो दाखवत न्हाय. उद्याचा दिस हाय की आजून. चल." मी रागानं मोटारीचं हँडल असं फिरवलं की मनगट दुखावलं. पण गेलो. तिच्यापुढं माझं काही चालायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

तिसरं गॅरेज विजापूर वेशीबाहेर. गॅरेज कसलं, लिंबाचं झाड आणि त्याखाली पत्र्याचं छप्पर. मालक म्हातारा, पांढरी दाढी, उभी हयात गिरणीच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. सगळे त्याला चाचा म्हणत. अक्कानं त्यालाही तेच विचारलं. तो हसला नाही. बिडी विझवली, कानावर ठेवली आणि मोटारीभोवती फिरला. प्रत्येक टायरवर बोटं चालवली, एका ठिकाणी नख रुतवलं.

"ये दो टायर कू हात नक्को लगाव," तो म्हणाला. "बरस भर चलते. पिछला डावा फटेला है, उसकू अंदर से पट्टा मारके भाप देता मैं. मगर वो पीछेच रखना, सामने नक्को. सामने का ये गया. ये नया लेना पड़ता. मेरे पास नै, स्टेशन के रस्ते पे मिलता. लाव, मैं फुकट चढ़ा देता."

"आनि सायलेन्सर?"

"नया नक्को. पैले देखता मैं."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत चमक होती. तिला तिचा माणूस सापडला होता. मी मात्र मूग गिळून बसलो होतो, कारण चाचा मोटारीखाली सरकला होता.

खालून आधी हसण्याचा आवाज आला. मग करपलेल्या घोंगडीचं एक भेंडोळं बाहेर फेकलं गेलं. "या अल्ला! ये किसने बांध्या? साइलेंसर कू थंडी बजती थी क्या?" अक्कानं ते भेंडोळं उचलून पाहिलं, वास घेतला, आणि तिला आपली घोंगडी ओळखू आली. मला वाटलं आता झापणार. पण ती खो खो हसली. पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो, सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात चाचा बाहेर आला आणि त्यानं नळीवर बोट ठेवून दाखवलं.

"बाई, ये देखो. पीतल का दाग. पुराना है. गाडी ली तब बी था ये. बेचनेवाला नै बोल्या क्या तुमना?"

अक्काचं हसू थांबलं. ती माझ्याकडं वळली. "बोलला हुता का रं त्यो आप्पा?"

"न्हाय," मी म्हणालो.

किती सहज म्हणालो! आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अक्काचा चेहरा बदलला. "चाचा, तुमी काम सुरू करा," ती म्हणाली. "तवर आमी जाऊन येतो. माज्या चाळीस मेंढरांचं पैसं घेऊन फसवलं व्हय त्यानं? भर पेठंत इचारते त्येला. त्याच्या गिऱ्हाइकांदेखत इचारते." आणि निघालीसुद्धा. मी मागून पळालो. "ऱ्हाऊ दे की अक्का, झालं गेलं..." ती ऐकायला तयार नव्हती. ऊन तापलेलं, तिच्या वहाणा फटाफट वाजत होत्या. शुक्रवार पेठेत वळलो. आप्पांचं दुकान दिसायला लागलं. गादीवर ते बसलेले, समोर दोन बायका खण बघत होत्या. साध्या सरळ माणसाला ही बाई माझ्यापायी चारचौघांत चोर म्हणणार होती.

"अक्का, थांब."

ती थांबली नाही.

"अक्का! त्यानं सांगितलं हुतं. सायलेन्सरचं सांगितलं हुतं, टायरचंबी सांगितलं हुतं. म्याच तुला बोललो न्हाय."

मग थांबली. बराच वेळ ती माझ्याकडं पाठ करून उभी होती. एक हमाल "बाजूला व्हा" म्हणत गेला, तरी ती हलली नाही. वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्काच्या डोळ्यांत पाणी मी तिचा नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"बाजारात म्या समद्यास्नी इचारलं," ती म्हणाली. "तुला तेवडं इचारलं न्हाय. घरचा म्हनून."

मला तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात आप्पांचं लक्ष गेलं. "बर्री, बर्री! या की वर," त्यांनी हाक मारली. "काय म्हणते मोटार? सायलेन्सर टिकला का?"

अक्कानं डोळे पुसले. दुकानाच्या पायरीपर्यंत गेली आणि दोन्ही हात जोडले. "न्हाय टिकला आप्पा. पर तुमी सांगितलं हुतं."

"सांगितलं होतं की," आप्पा म्हणाले, आणि आम्हाला पाणी द्यायला सांगितलं.

परत येताना आम्ही स्टेशनच्या रस्त्यावर नवा टायर घेतला. तिसऱ्या गोष्टीचं, ब्रेकचं, मी तरीही बोललो नाही. ते मुद्दाम लपवलं असं म्हणा हवं तर. नव्या टायरात आणि चाचाच्या मजुरीत माझी सगळी शिल्लक जाणार होती. ब्रेकचं काम काढलं तर तिच्या पदराची गाठ सुटणार, दोन मेंढ्यांची. ती मला सुटू द्यायची नव्हती. मी मनाशी म्हटलं, उतारावर गिअरवर सांभाळून घेऊ, आजवर घेतलंच आहे की.

चाचानं दिवेलागणीपर्यंत काम केलं. पुढं नवा टायर चढवला, मागच्याला आतून पट्टा मारला, सायलेन्सरला नवा डाग दिला, त्यावर गिरणीत वाफेच्या नळांना गुंडाळतात ती पांढरी दोरी गुंडाळली, वरून पत्र्याची पट्टी आवळली. मजुरी त्यानं सकाळी सांगितली होती तेवढीच घेतली.

शुक्रवारी कचेरीच्या आवारात आमच्याआधी तीन मोटारी उभ्या होत्या. एकीचे टायर असे काळेभोर चकाकत होते की मला गल्लीतला तो गोड माणूस आठवला. साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, त्या टायरवर फिरवला, काळा झालेला रुमाल ड्रायव्हरच्या नाकासमोर धरला. "पुन्हा या," एवढंच म्हणाले. आमची पाळी आली. हँडल मारलं, इंजिन चालू झालं, सायलेन्सर मांजरासारखा गुरगुरला.

"टायर सगळे ठीक?" साहेबांनी विचारलं.

अक्का तोंड उघडील असं मला वाटलं. ती उघडेना. फक्त माझ्याकडं बघत राहिली.

"मागचा डावा फाटका हुता, साहेब," मी म्हणालो. "आतून पट्टा मारलाय."

साहेब खाली वाकले, टायर काठीनं दाबून पाहिला. "मागंच ठेवायचा. पुढं आणलास तर परवाना जाईल."

"व्हय जी."

शिक्का बसला. मी आनंदानं उडीच मारली. अक्का पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसली. कोर्टासमोरून गेलो तेव्हा टांग्याच्या घोड्यांनी कानसुद्धा हलवला नाही. साहेबांनी कागदावरचं तेवढंच पाहिलं होतं, ब्रेकला कुणी विचारलं नव्हतं. मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो, घरं संपली, आणि अक्कानं समोर बघत विचारलं,

"आता तुला इचारते. हिच्यात आजून काय खोड हाय?"

मी चालवत राहिलो. पुढं सीना नदीचा उतार होता. रोज तिथं माझ्या छातीत धडधडायचं, आणि मागं दहाबारा माणसं गप्पा मारत बसलेली असायची.

"पायाचा ब्रेक," मी म्हणालो. "उतारावर धरत न्हाय. त्येबी आप्पानं सांगितलं हुतं."

"मग काल का न्हाय बोललास?"

"तुजी गाठ सुटंल म्हनून. दोन मेंढ्यांची."

अक्कानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. "येडं हायस," ती म्हणाली. "गाडी फिरीव."

चाचा आम्हाला बघून घाबरला. "क्या हुवा? दाग छुटा क्या?" अक्का खाली उतरली, पदराची गाठ दातानं सोडायला लागली आणि म्हणाली, "डाग टिकलाय. ह्याला आजून येक आटवलं."

रविवारी सांगोल्याला मेंढरांचा बाजार होता. अक्का माझ्या मोटारीनं आली, सबंध बाजार हिंडली, पदराला आता गाठ नसताना. एका कळपापाशी थांबली, सवयीनं कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "ह्यातलं कंचं घिऊ नगं?" त्या माणसानं एक मेंढी पुढं ओढली आणि तिचं खूर दाखवलं. अक्कानं ते नीट वाकून पाहिलं.

"फुडल्या सालाला येते तुज्याकडं," ती त्याला म्हणाली, आणि मोटारीकडं चालू लागली.